शेजारचा तारा

माझ्या वर्गात उत्तर बरोबर असूनही एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण जायचा. दहिवडीत सत्तावीस वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवलं आणि या अर्ध्या गुणावरून पालकांशी इतक्या वेळा भांडले, की शेवटी शेवटी मुख्याध्यापकच त्यांना गेटवरून परत पाठवायचे. ‘घार्गे मॅडम गुण वाढवत नाहीत’ ही माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू? खोटं मी एकदाच बोलले. म्हणजे नीट मोजलं तर दोनदा.

दिलावर मुजावर यांचं स्टँडमागे मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे यायच्या. जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची. वेढ्यांत चूक झाली की मोटर महिनाभरात पुन्हा जळणार, आणि दिलावरभाईंनी भरलेली मोटर पुन्हा जळल्याचं तालुक्यात कुणी सांगत नसे. शिक्षण नववीपर्यंत. शाळेची पाण्याची मोटर बघायला आले आणि प्रयोगशाळेत धूळ खात पडलेली दुर्बीण बघून तिथेच थांबले. पंधरा दिवसांत त्यांनी तिला ताऱ्यामागे आपोआप फिरणारी मोटर बसवून दिली. पैसे विचारले तर म्हणाले, “एकदा शनी दावा, झालं.”

शनी दाखवला, आणि ते आमचेच झाले. त्यातूनच आमचं आकाशमित्र मंडळ उभं राहिलं. अकरा माणसं: चार शिक्षक, एक कंपाउंडर, एक ग्रामसेवक, बाकी शेतकरी आणि दिलावरभाई. माण तालुक्यात पाऊस नाही याचं सगळ्यांना दुःख. आमच्या मंडळाला मात्र ढग नसल्याचं गुपचूप सुख होतं.

मंडळ तारापिधानं टिपायचं. ते काय असतं, हे सांगायला हवं.

घर बांधून झालं की अंगणात खडी, विटांचे तुकडे, वाळूचा ढीग असा माल उरतो. सूर्यमालेचं तसंच झालं. ग्रह बांधून झाले आणि उरलेला माल नेपच्यूनच्या पलीकडे अंधारात पडून राहिला. बर्फाचे गोळे आहेत ते, पाण्याचा, मिथेनचा, अमोनियाचा बर्फ आणि मधे धूळ. साडेचारशे कोटी वर्षं त्यांना ना ऊब मिळाली ना धक्का, म्हणून सूर्यमाला कशापासून झाली हे त्यांच्याइतकं नीट कुणालाच माहीत नाही. पण ते इतके लांब आणि काळे असतात, की मोठ्या दुर्बिणीतही नुसता ठिपका दिसतो. त्यांचा आकार कसा मोजायचा? तर असा एखादा गोळा एखाद्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा तारा क्षणभर मिटतो. पृथ्वीवर त्या गोळ्याची सावली धावत जाते, आपल्या गावांवरून, सेकंदाला पंचवीस किलोमीटर वेगाने. सावलीच्या वाटेवर ओळीने माणसं बसवायची. कुणाकडे तारा किती वेळ मिटला हे जुळवलं की गोळ्याची रुंदी मिळते. यासाठी मोठी वेधशाळा लागत नाही, शाळेची दुर्बीण, एक कॅमेरा आणि अचूक घड्याळ पुरतं.

आमच्या मंडळाचा नोंदीचा फॉर्म मीच तयार केला होता. त्यात तीन रकाने होते: दिसलं, दिसलं नाही, पाहिलं नाही. नव्या माणसाला मी बजावायची, “डुलकी लागली, बॅटरी संपली, काहीही झालं तरी तिसऱ्या रकान्यात खूण करा, लाजू नका. दुसरा रकाना फार जपून वापरा. तारा मिटला नाही असं लिहिलंत तर तिथे काही नव्हतं असा त्याचा अर्थ होतो.”

आणि जोडीचा नियम होता. सावलीच्या कडेच्या वाटांवर दोन दोन केंद्रं ठेवायची, एकाच रेषेवर, पण तीसेक किलोमीटर अंतरावर. एकाच्या दुर्बिणीसमोरून पाखरू गेलं तर तारा मिटल्यासारखा दिसतो. पण तेच पाखरू सव्वा सेकंदाने तीस किलोमीटरवर जाणार नाही. दोघांनी पाहिलं तरच खरं; एकाने ‘दिसलं’ आणि दुसऱ्याने ‘दिसलं नाही’ लिहिलं तर ते रद्द.

त्या डिसेंबरात नेपच्यूनच्या बाहेरून आत यायला निघालेला एक मोठा गोळा एका ताऱ्यासमोरून जाणार होता. नव्वद किलोमीटर रुंदीचा, कुठल्यातरी धक्क्याने वाट सोडलेला, चौदा वर्षांनी सूर्याजवळ येऊन झगझगीत धूमकेतू होणार असं गणित होतं. पृथ्वीला त्याच्यापासून काही धोका नव्हता, त्यामुळे वर्तमानपत्रांनी त्याला फारशी जागा दिली नाही. मोठं पिधान सातारा-कोरेगाव पट्ट्यातल्या केंद्रांना दिसणार होतं. आम्हाला कडेची वाट मिळाली. मी दहिवडीत शाळेच्या मैदानावर, आणि माझ्या जोडीला दिलावरभाई स्वतःची दुर्बीण घेऊन म्हसवडच्या पुढे तलावाच्या बांधावर.

मी अडीच मिनिटं चित्रीकरण केलं. तारा ढिम्म हलला नाही. आलेख काढला, सरळ रेषा. फॉर्मवर दुसऱ्या रकान्यात ठसठशीत खूण केली आणि झोपायला गेले.

दिलावरभाईंच्या चित्रीकरणात तीन चौकटींपुरता, तीन फ्रेमपुरता, तारा नाहीसा झाला होता. तीन चौकटी म्हणजे सेकंदाचा जेमतेम सातवा भाग. मुख्य गोळ्यापासून दोन हजार किलोमीटरवर दुसरं काहीतरी होतं, तीन-चार किलोमीटर रुंदीचं.

साताऱ्याला रविवारी दुपारी सगळ्या केंद्रांची बैठक झाली. पुण्याहून आलेले मुख्य निरीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी दिलावरभाईंचा आलेख पडद्यावर लावला, मग त्याखाली माझा लावला.

“मुजावर, जोडीच्या केंद्रावर रेषा सरळ आहे,” ते म्हणाले. “एखादं वटवाघूळ गेलं असेल.”

लोक हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, चहाची वेळ झाली होती इतकंच.

“वटवाघूळ न्हाई, सायेब,” दिलावरभाई उभे राहून म्हणाले. “पाखरू कडंनं येतंय, कडंनं जातंय. ह्यो तारा जागच्या जागी गेला आन् जागच्या जागी आला. त्या थोरल्याला एक धाकटा हाय.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्या दिवशी मी खरं बोलत होते. निदान माझी तशी समजूत होती.

दहिवडीचं स्टँड म्हणजे बातमी पसरायला रेडिओ लागत नाही. महिन्याभरात दिलावरभाईंचं नाव वटवाघूळ पडलं. मोटर टाकायला आलेला माणूसही विचारायचा, “काय मुजावर, दिसलं का वटवाघूळ?” ते हसायचे. पण मंडळात यायचे बंद झाले.

मार्चमध्ये मी अकरावीच्या मुलांना तारानकाशा वाचायला शिकवत होते. उदाहरण म्हणून माझंच चित्रीकरण लावलं. आमच्या ताऱ्याजवळ तीन मंद ताऱ्यांचा त्रिकोण होता, तो नकाशात ताऱ्याच्या डावीकडे होता. पडद्यावर उजवीकडे दिसत होता. मुलांना काही कळलं नाही. मला कळलं आणि मी पडदा बंद केला.

त्या थंडीत माझी मान धरली होती. वाकून बघायला नको म्हणून मी दुर्बिणीला प्रकाश काटकोनात वळवणारा लोलक लावला होता. त्याने मान वाचते, पण चित्र आरशात दिसावं तसं उलटं होतं, डावं उजवीकडे. कॅमेराही त्याच लोलकामागे जोडलेला. हे मी स्वतः शेकडो लोकांना शिकवलं होतं. नकाशा उलटा धरायला मीच विसरले आणि शेजारच्या, जवळपास तेवढ्याच तेजाच्या ताऱ्यावर अडीच मिनिटं कॅमेरा रोखून बसले. तो मिटणार कशाला? त्याच्यासमोर कुणी आलंच नव्हतं.

एक ओळ लिहायची होती: माझी नोंद दुसऱ्या रकान्यातून तिसऱ्यात हलवा. ती मी लिहिली नाही. तोवर अहवाल छापून झाला होता, माझं नाव त्यात होतं, आणि त्याच महिन्यात जिल्ह्याचा आदर्श विज्ञान शिक्षक पुरस्कार माझ्या गळ्यात पडला होता. अर्ध्या गुणासाठी भांडणारी मी, सगळा पेपरच चुकीच्या प्रश्नाचा सोडवून बसले होते, हे सांगायची मला लाज वाटली. मनाची समजूतही घातली, की नेपच्यूनपलीकडे एक गोळा आहे की दोन, याने कुणाचं काय बिघडतं. चित्रीकरणाची डिस्क आईच्या शालूच्या घडीत ठेवून कपाट लावून टाकलं.

पाच वर्षांनी दिलावरभाई साताऱ्याच्या दवाखान्यात होते, यकृत गेलं होतं. मी भेटायला गेले. नसीमभाभी बाहेर गोळ्या आणायला गेल्या होत्या.

“मॅडम,” ते म्हणाले, “त्या तीन चौकटींचं. तुमच्या कॅमेऱ्यात आलं न्हाई म्हंजी माझंच कायतरी चुकलं आसंल. तुम्ही खोटं लिव्हनाऱ्या न्हाई. मी उगाच लई वर्सं ताणून धरलं.”

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “असू द्या, दिलावरभाई.”

ते माझं पहिलं खोटं. अख्ख्या तालुक्यात एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता, त्याचाही तो विश्वास मी मरताना काढून घेतला. चौथ्या दिवशी ते गेले.

त्यांची मुलगी झीनत माझीच विद्यार्थिनी. एकक कधी न विसरणारी. ती पुण्याला शिकली, मग वैमानिक झाली, मग अंतराळवीर म्हणून निवडली गेली. चार माणसांची ‘अग्रणी’ मोहीम मंगळाला वळसा घालून परत येणार होती, आणि परतीच्या वाटेवर तो जुना गोळा, आता शेपूट फुटलेला धूमकेतू, त्यांच्या जवळून जाणार होता. इतका जुना बर्फ माणसाने जवळून पाहायची ही पहिलीच वेळ.

उड्डाणाच्या चार महिने आधी ती घरी आली. मी पायरीवर बसून शेंगा फोडत होते. तीही शेजारी बसली आणि फोडायला लागली.

“मॅडम, शंका असेल तर हात वर करा म्हणायच्या तुम्ही. माझा हात बारा वर्षं वर आहे.”

“विचार की.”

“धूमकेतूजवळून किती अंतराने जायचं ते आत्ता ठरतंय. इंधन त्या बेतानेच भरणार. अडीच हजार किलोमीटर की चाळीस हजार. जवळून गेलो तर वायूचे नमुने मिळतील, फोटो असे येतील की बास. चाळीस हजारांवरून गेलो तर लांबून नमस्कार.” तिने शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. “आमचा त्याच्याशी वेग सेकंदाला चाळीस किलोमीटर असणार आहे. त्या वेगात वाळूचा कणही यानाला गोळीसारखा लागतो. थोरल्याची धूळ कुठे उडते ते माहीत आहे, ती बाजू सोडून वाट काढलीय. पण अब्बा म्हणायचे तसा धाकटा असेल, तर त्याची स्वतःची धूळ असेल. आणि ती नेमकी आमच्या वाटेत असेल.”

“आता दुर्बिणीतून दिसणार नाही तो?”

“थोरल्याच्या उजेडात काही दिसत नाही. मधल्या काळात अजून दोन पिधानं झाली, दोन्हींच्या सावल्या समुद्रावर पडल्या. अब्बांच्या तीन चौकटी मीच धोक्यांच्या यादीत घातल्या. कुणी हसलं नाही. फक्त विचारलं, जोडीचं केंद्र काय म्हणतं?” ती माझ्याकडे वळली. “तुमचा आलेख आहे, पण मूळ चित्रीकरण कुठेच नाही. ते मिळालं तर दोन मिनिटांत निकाल लागेल.”

त्याच आठवड्यात शाळेच्या नव्या प्रयोगशाळेला माझं नाव द्यायचा समारंभ होता. कोनशिला येऊन पडली होती. हे कारण म्हणून सांगत नाही, मनात काय आलं ते सांगतेय. आणि असंही आलं, की एवढी शहाणी माणसं, एवढी यंत्रं, धाकटा असला तर त्यांना दिसेलच.

“ती डिस्क गेली ग,” मी म्हणाले. “मागेच खराब झाली.”

“मग तुमचा शब्द. तारा मिटला नाही ना, मॅडम?”

“नाही.”

तिने लांब श्वास सोडला. चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. “मी ती नोंद बंद करते. अब्बाही शेवटी तेच म्हणाले होते, मॅडमचं बरोबर असेल.” जाताना मूठभर शेंगदाणे घेऊन गेली.

उड्डाण झालं. स्टँडवर तिचा बसच्या लांबीचा फलक लागला. नसीमभाभींनी दुकान बंद न करता एक पोरगा ठेवून चालू ठेवलं होतं, तिथे आता पत्रकार यायचे. महिन्यातून एकदा झीनत शाळेसाठी बोलायची, मुलांचे प्रश्न घ्यायची. आधी उत्तर लगेच यायचं, मग चार मिनिटांनी, मग नऊ. मुलं प्रश्न विचारून डबा खाऊन यायची.

मंगळ मागे पडला. धूमकेतू गाठायला अकरा दिवस उरले असताना तिने यानातून काढलेला एक फोटो दाखवला. धुळीची शेपटी सरळ होती, फक्त एका ठिकाणी तिला बारीकसा बाक आला होता, पदराला चुणी पडावी तसा.

“सगळे म्हणतात भिंगाचा दोष आहे,” झीनत हसत म्हणाली. “अब्बा असते तर म्हणाले असते, धाकटा हाय.”

मुलं हसली. मी घरी आले आणि शालूच्या घडीतून डिस्क काढली. ती चालू होईल की नाही याची मला खात्री नव्हती, आणि होऊ नये असंही क्षणभर वाटलं. ती पहिल्या झटक्यात चालू झाली.

मोहीम केंद्राला मी फाइल पाठवली. सोबत चार ओळी लिहिल्या: हे चित्रीकरण चुकीच्या ताऱ्याचं आहे. माझी नोंद ‘पाहिलं नाही’ अशी धरावी. हे मला साडेतेरा वर्षांपासून माहीत होतं. झीनतला, आणि त्याआधी दवाखान्यात दिलावर मुजावरांना, मी खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निषाद नावाच्या मुलाचा फोन आला. तो मार्ग आखणाऱ्या गटात होता. आवाजात राग नव्हता, झोप मात्र झालेली नव्हती.

“मॅडम, तुमच्या नोंदीमुळे मुजावरांची नोंद रद्द होती. आता ती खरी धरावी लागेल.”

“मग लांबून न्या त्यांना.”

“मोठी वळणं घ्यायचं इंधन मंगळाजवळ वापरून झालं. आता जास्तीत जास्त नऊशे किलोमीटर सरकता येईल. आणि कुठल्या बाजूला सरकायचं तेच कळत नाहीये. धाकटा चौदा वर्षांत फिरून आज कुठे असेल, हे एका नोंदीवरून सांगता येत नाही. शेपटीच्या त्या बाकावरून थोडा अंदाज येतो, पण निम्मा छापा-काटाच आहे.” त्याने कागद उलटल्याचा आवाज आला. “तुम्ही झीनतला तेव्हा सांगितलं असतं, तर एवढ्या एका गोष्टीने आम्ही चाळीस हजारांवरून गेलो असतो. ते निवडायला कुणाचीच हरकत नव्हती.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

“त्यांना सांगितलंय सगळं. तिचा निरोप येईल तुम्हाला.”

निरोप दोन दिवसांनी आला. पडद्यावर झीनतचे केस पाण्यातल्यासारखे वर तरंगत होते आणि चेहरा शाळेत पेपर परत मिळाल्यावर व्हायचा तसा गंभीर होता.

“मॅडम, फाइल पाहिली. शेजारचा तारा आहे, लगेच कळलं. आम्ही नऊशे किलोमीटर उत्तरेला सरकतोय. चौघांनी मिळून ठरवलं. बरोबर की चूक ते तिथे गेल्यावर समजेल.” ती खाली पाहून पुन्हा वर बघायला लागली. “तुम्हाला काय बोलू ते मला सुचत नाहीये. अब्बांना तुम्ही काय बोललात, तेही मला आता कळलं. त्यावर मी परत आले तर बोलेन. तोवर एक काम करा. अब्बांना वटवाघूळ दिसलं नव्हतं, हे स्टँडवर माइकवरून सांगा. अम्मी समोर बसलेली असताना. आधी नाही, नंतर नाही.”

बस्स, एवढंच. तिने मला माफ केलं नाही. ते बरंच झालं, नाहीतर मी त्यावरच विसावले असते.

धूमकेतू गाठायचा दिवस शुक्रवार होता. नगरपंचायतीने स्टँडच्या पटांगणात मंडप घालून मोठा पडदा लावला होता. सकाळी दहापासून माणसं जमत होती, एसटीचे चालक गाड्या सोडून उभे होते, शाळा सुटलेली. पडद्याच्या एका बाजूला यानातून येणारी चित्रं आणि खाली एक हिरवी रेषा, यानाचा संदेश किती जोरात येतोय ते सांगणारी. यान आमच्यापासून तेरा प्रकाशमिनिटं लांब होतं, म्हणजे आम्ही पाहणार ते सगळं तिथे घडून तेरा मिनिटं झालेली असणार.

अकरा वाजून दहा मिनिटांनी नगराध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला बोलावलं. नसीमभाभी पहिल्या रांगेत होत्या, हिरवी साडी नेसून. मी माइक घेतला.

“दिलावर मुजावरांना तुम्ही सगळे वटवाघूळ म्हणायचात,” मी सुरुवात केली. दोनचार जण हसले. “त्यांना वटवाघूळ दिसलं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते खरं होतं. मी दुर्बीण चुकीच्या ताऱ्याकडे लावली होती. ते मला तीन महिन्यांत कळलं आणि मी लपवलं. दिलावरभाईंना मरताना सांगितलं नाही. झीनतने विचारलं तेव्हाही सांगितलं नाही. म्हणून ती आज नको त्या वाटेने चाललीय.”

चहावाले पोपटराव, ज्यांनी ते नाव पहिल्यांदा ठेवलं, हातात किटली घेऊन खाली बघत राहिले. नगराध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, आजच्या दिवशी कशाला हे?” मी माइक त्यांच्या हातात दिला.

खाली उतरले तेव्हा कुठे बसावं कळेना. नसीमभाभींनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बसा हितं,” त्या म्हणाल्या.

मी बसले. त्या पडद्याकडे बघत होत्या.

“शेवटच्या दिवशी म्हनलं व्हतं मला,” त्या हळूच म्हणाल्या. “नसीम, ती दुर्बीन इकून टाक, माझी नजर खोटी हाय. मी इकली. तीन हजाराला.”

मला रडू आलं. त्यांनी मला थोपटलं नाही, आणि उठायलाही सांगितलं नाही.

पडद्यावर धूमकेतू वाढत होता. आधी ढगासारखा, मग त्या ढगात काळसर, बटाट्यासारखा थोरला. लोक टाळ्या वाजवायला लागले. सूर्यमाला घडतानाचा बर्फ, साडेचारशे कोटी वर्षं कुणीही न पाहिलेला, आमच्या स्टँडवर दिसत होता. झीनतचा आवाज आला, शांत, आकडे सांगणारा, प्रत्येक आकड्याच्या पुढे एकक. पाच हजार किलोमीटर. चार हजार सहाशे किलोमीटर.

मग ती मधेच थांबली. “डावीकडे,” ती म्हणाली. “डावीकडे आहे. अब्बा...”

थोरल्यापासून लांब, काळ्या आकाशात एक लहानसा करडा खडा होता, आणि त्याच्याभोवती त्याची स्वतःची धूळ चमकत होती. नऊशे किलोमीटर सरकल्याने यान तिच्यापासून लांब गेलं होतं की तिच्यातच शिरलं होतं, हे मला कळेना. ते चौकशी समितीलाही अजून कळलेलं नाही.

हिरवी रेषा खाली गेली. एक, दोन, तीन चौकटी, आणि पुन्हा वर आली. मग ती पुन्हा खाली गेली आणि तळाशी सरळ चालत राहिली. मी सवयीने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, सोळा सेकंद.

चित्र गोठलं होतं. मागे कुणीतरी पोरगा म्हणाला, नेटवर्क गेलं. मग बरेच जण तेच म्हणायला लागले, कुणी तंत्रज्ञाला हाक मारली, कुणी वायर हलवून बघितली. मी त्या रेषेवरून डोळे हलवले नाहीत. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. या वेळी मी बरोबर ठिकाणी बघत होते.

नसीमभाभींनी माझं मनगट धरलं.

“रेंज गेली आसंल, न्हाई का हो मॅडम?” त्यांनी विचारलं. “तुमास्नी कळतंय ह्यातलं. सांगा की.”

“नाही, भाभी,” मी म्हणाले. “रेंज नाही गेली.”